ऊर फुटेपर्यंत : खेळाडूच्या हृदयाच्या चित्राचा इतिहास

वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या आखाड्यात मारुतीची मूर्ती नाहीतर तसबीर असतेच. त्यातही घरोघरच्या कॅलेंडरांमुळे सर्वपरिचित झालेली तसबीर अशी की, मारुती दोन्ही हातांनी स्वतःची छाती फाडून उभा आहे आणि आत राम-सीता दिसत आहेत. बलोपासना करणाऱ्याच्या छातीत नेमके काय आहे, ते उघडून पाहावे ही इच्छा आपल्याकडे नवी नाही, एवढे ही तसबीर सांगते. मारुतीला आत काय आहे याची खात्री होती, शंका होती ती पाहणाऱ्यांना. आणि एकदा दर्शन घडल्यावर तीही फिटली. खेळाडूच्या हृदयाकडे पाहणाऱ्या वैद्यकाचे भाग्य मात्र एवढे सरळ नव्हते. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याच्या हाती येणारे चित्र अधिकाधिक स्पष्ट होत गेले. त्या चित्राचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला. हा इतिहास आपण थोडक्यात पाहू. अचलपूर-परतवाड्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलांशी त्याचा संबंध काय, आणि भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांशी काय, हे त्या ओघात पाहता येईल.

प्रारंभ भाषेपासूनच करू. मराठीने धैर्याचे घर छातीत बांधले आहे. आपण एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगतो, संकटापुढे छातीचा कोट करतो, एखाद्याच्या अंगात दम आहे म्हणतो. आणि जो सर्वस्व पणाला लावून धावतो, तो ऊर फुटेपर्यंत धावतो. हा शेवटचा वाक्प्रचार आपण नेहमी कौतुकानेच वापरतो. शब्दशः पाहिले तर त्यात एका मृत्यूचे वर्णन दडले आहे, हे वापरताना कोणाच्या मनातही येत नाही. वाक्प्रचार असेच झिजतात आणि झिजल्यामुळेच चलनात राहतात. परंतु धावता धावता मैदानावर कोसळलेल्या एखाद्या तरुणाची बातमी वाचली की, त्या झिजलेल्या नाण्यावरची मूळ अक्षरे पुन्हा वर येतात.

श्रमाने हृदय बिघडते की बळावते, हा वाद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जोरात होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली नौकाशर्यत वल्हवणाऱ्या तरुणांच्या हृदयांचे कायमचे नुकसान करते, असा आक्षेप १८६७ मध्ये एफ. सी. स्के या शल्यवैद्याने वर्तमानपत्रातून घेतला. त्याला उत्तर म्हणून जॉन मॉर्गन या डॉक्टराने १८२९ ते १८६९ या काळात त्या शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांची माहिती जमवली आणि १८७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हे वल्हेकरी त्यांच्या वयाच्या इतरांच्या मानाने अल्पायुषी ठरले नव्हते. उलट अपेक्षेपेक्षा काहीसे अधिकच जगले होते. मॉर्गनजवळ छातीच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. त्याने माणसांना आणि त्यांच्या आप्तांना पत्रे लिहून विचारले. खेळाडूच्या हृदयाचा पहिला मोठा अभ्यास हा असा प्रश्न विचारून झालेला आहे, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवू.

आतला आकार बाहेरून ओळखण्याची पहिली रीत बोटांची होती. लेओपोल्ड आउएनब्रुगर हा व्हिएन्नाचा वैद्य एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे ते वाजवून ओळखतात, हे त्याने लहानपणी पाहिले असावे असे सांगितले जाते. बाजारात माठ घेताना आपणही तेच करतो. छातीवर बोटांनी ठोकून आतल्या पोकळीची आणि भरीवपणाची सीमा आखण्याची ही रीत त्याने १७६१ मध्ये मांडली. तीच रीत घेऊन सालोमोन हेन्शेन या स्वीडिश वैद्याने बर्फावरून घसरत लांब पल्ल्याची शर्यत करणाऱ्यांच्या छात्या शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतर ठोकून पाहिल्या. १८९९ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला तो असा : या लोकांची हृदये मोठी असतात, आणि हे मोठेपण अधिक काम करू शकणाऱ्या हृदयाचे, म्हणजे हितकर आहे. केवळ बोटांच्या आवाजावर काढलेला हा निष्कर्ष पुढच्या सर्व यंत्रांनी मुख्यतः खरा ठरवला. पण त्याबरोबर एक पेचही जन्माला आला. रोगानेही हृदय मोठे होते. मग मोठे हृदय दिसले की, ते कोणते समजायचे?

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यांच्या साहाय्याने खेळाडूंच्या हृदयांची छायाचित्रे मोजून फेलिक्स डॉइच आणि एमिल काउफ यांनी १९२४ मध्ये व्हिएन्नात ‘हृदय आणि क्रीडा’ या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. यातले डॉइच हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या एका संदर्भात ठाऊक असण्याचा संभव आहे. ते सिग्मंड फ्रॉइड यांचे वैद्य होते. १९२३ मध्ये फ्रॉइडच्या तोंडात कर्करोग असल्याचे त्यांना दिसले आणि त्यांनी ते रुग्णापासून लपवले. पुढे हे उघड झाल्यावर फ्रॉइडने ते सहजी विसरले नाही. दिसलेले सांगायचे की नाही, हा प्रश्न तपासणीच्या इतिहासात आरंभापासूनच असा बसलेला आहे. खेळाडूंच्या बाबतीत तो उलटा होतो आणि अधिक अवघड बनतो. त्याकडे शेवटी वळायचे आहे.

चुकीच्या वाचनाची भीती दोन्ही बाजूंनी असते, याचे उत्तम उदाहरण क्लॅरन्स डीमार या अमेरिकन धावपटूचे आहे. १९११ च्या बोस्टन मॅरेथॉनपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या हृदयात मर्मर ऐकली आणि धावणे सोडण्याचा सल्ला दिला. ती शर्यत तो जिंकला. पुढे काही वर्षे तो स्पर्धेपासून दूर राहिला, पण परत आला आणि १९३० पर्यंत बोस्टनची शर्यत एकूण सात वेळा जिंकला. १९५८ मध्ये तो वारला तो कर्करोगाने. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुपटी-तिपटीने रुंद आढळल्या. ज्या आवाजाला रोग समजले गेले, तो बळकट हृदयातून वेगाने वाहणाऱ्या रक्ताचा असणे शक्य होते. डीमारने सल्ला पूर्णपणे मानला असता तर एक जीव वाचला असे कोणी म्हटले नसते, पण एक आयुष्य वाया गेले असते.

हा सारा काळ वऱ्हाडातही बलोपासनेच्या नव्या उभारणीचा होता. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप देणाऱ्या या संस्थेचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि त्याने तेथे कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. ही मुले बर्लिनला पोहोचली तेव्हा जर्मन भाषक प्रदेशात खेळाडूंची हृदये क्ष-किरणांखाली मोजण्याच्या प्रथेला एक तप उलटून गेले होते. आपल्याकडे मात्र आखाड्याचे शरीरशास्त्र वस्तादाच्या नजरेत होते. पोराचा दम कुठे तुटतो, कोणाला जोर कमी द्यायचे आणि कोणाला खुराक वाढवायचा, हे वस्ताद रोज पाहून ठरवी. ही नजर कच्ची होती असे म्हणण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे एकाच शरीराकडे पाहण्याचा जो लाभ वस्तादाला मिळे, तो आजच्या तज्ज्ञालाही मिळत नाही. परंतु त्या नजरेला एक गोष्ट दिसणे अशक्य होते, आणि ती गोष्ट जगालाच १९५८ पर्यंत नीट ठाऊक नव्हती.

त्या वर्षी लंडनच्या डोनाल्ड टिअर या विकृतिशास्त्रज्ञाने आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन कप्प्यांमधला पडदा विलक्षण जाड झालेला होता आणि बहुतेकांचे मरण अचानक ओढवले होते. आज या विकाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हा आनुवंशिक विकार साधारण पाचशे माणसांत एकाला असतो असे मानले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, यातल्या स्नायुपेशींची मांडणी विस्कटलेली दिसते. येथे अचलपूरच्या वाचकाला एक गोष्ट सहज आठवेल. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात वर्णविपर्ययासाठी आपल्या गावाच्या नावाचाच दाखला घेतला आहे; ‘अचलपूर’ मधले ‘च’ आणि ‘ल’ जागा बदलतात आणि ‘अलचपूर’ होते. वर्ण तेच, क्रम बदलला. व्याकरणात अशा अदलाबदलीने नाव निराळे होते, पण गाव तेच राहते. हृदयात पेशी त्याच राहतात आणि क्रम मोडल्याने विजेची लाट वाट चुकते. अतिश्रमाच्या क्षणी ती भरकटली तर ठोके नुसत्या थरथरीत बदलतात आणि माणूस कोसळतो. हा क्रमभंग जिवंत माणसाच्या छातीत थेट दिसत नाही. दिसते ती भिंतीची जाडी. आणि जाडी तर व्यायामानेही येते.

भिंत मोजण्याचे साधन टिअरच्या निबंधाआधी पाच वर्षे तयार झाले होते. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर हा हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतले दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे ध्वनियंत्र हृदयाकडे वळवले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी छातीतून आत जातो, प्रत्येक पडद्यावरून आणि झडपेवरून परततो, आणि परतायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. आज तालुक्याच्या गावातही ज्याला सगळे ‘टू-डी इको’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज. इको म्हणजे प्रतिध्वनी. आउएनब्रुगरचे बोट आणि हे यंत्र यांची जात एकच आहे. दोघेही आवाज देतात आणि उत्तराची वाट पाहतात.

१९७५ मध्ये जोएल मॉर्गनरॉथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५६ खेळाडूंचे इको काढून एक नीटनेटकी विभागणी मांडली. धावणारे आणि पोहणारे यांच्या डाव्या कप्प्याची पोकळी मोठी होते. कुस्तीगीर आणि गोळाफेक करणारे यांच्या भिंती जाड होतात. पुढच्या अभ्यासांत ही विभागणी एवढी स्वच्छ राहिली नाही, विशेषतः कुस्तीगिरांच्या बाबतीत. पण विचाराची दिशा तिने दिली. मग १९९१ मध्ये इटलीच्या अंतोनियो पेलिच्चा यांनी ९४७ अव्वल खेळाडूंची हृदये मोजली. भिंत १३ मिलिमीटर किंवा अधिक भरलेले फक्त १६ निघाले. त्यांपैकी १५ जण नाव वल्हवणारे आणि एक सायकलपटू होता. कोणाचीही भिंत १६ मिलिमीटरपलीकडे नव्हती, आणि सर्वांच्या कप्प्याची पोकळीही वाढलेली होती. यातून एक उपयुक्त खूण मिळाली. जाड भिंतीबरोबर पोकळीही ऐसपैस असेल तर ते बहुधा कमावलेले हृदय. भिंत जाड आणि पोकळी आक्रसलेली असेल तर शंका घ्यावी. तरीही १३ ते १५ मिलिमीटरच्या आसपास एक धूसर पट्टा उरतोच. तेथे कार्डिॲक एमआरआय मदतीला येतो. स्नायूत व्रण असेल तर तो दाखवतो. कधी कधी खेळाडूला काही आठवडे ते तीन महिने सराव बंद ठेवायला सांगून पुन्हा मोजतात. व्यायामाने आलेली जाडी विश्रांतीने ओसरते, रोगाची ओसरत नाही. म्हणजे सर्वांत प्रगत चित्रालाही काही वेळा काळाचीच साक्ष काढावी लागते.

प्रश्न मग धोरणाचा झाला : सर्वांचीच तपासणी करावी काय? इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी कायद्याने सक्तीची केली. तिच्या पहिल्या पायरीवर प्रश्न, शारीरिक तपासणी आणि ईसीजी आहे. इको काढतात तो त्यातून शंका आली तर. व्हेनेतो प्रांतातला अनुभव दोमेनिको कोर्रादो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. खेळाडूंमधल्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण १९७९-८० मध्ये वर्षाला लाखामागे ३.६ होते, ते २००३-०४ मध्ये ०.४ वर आले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण इस्राएलनेही १९९७ मध्ये सक्ती केली, आणि तेथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्तीपूर्वीचे प्रमाण २.५४ आणि नंतरचे २.६६ असे निघाले. म्हणजे फरक नाही. एकाच उपायाचे दोन देशांतले हे दोन पाठ आजही वादाचा विषय आहेत.

दरम्यान मैदानावरचे मृत्यू दूरदर्शनवर सर्वांना दिसू लागले होते. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या लिआँ येथे कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए उपान्त्य सामन्यात कोसळला. शवविच्छेदनात टिअरने वर्णन केलेलाच विकार सापडला. पुढच्याच वर्षी हे दृश्य आपल्या अंगणात आले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी आदळून पडला आणि पुन्हा उठला नाही. मैदानावरच्या वैद्यकीय व्यवस्थेच्या तुटपुंजेपणाविषयी तेव्हा देशभर लिहिले-बोलले गेले. २००६ च्या विश्वचषकापासून फुटबॉलच्या जागतिक संघटनेने खेळाडूंसाठी स्पर्धापूर्व तपासणीत ईसीजी आणि इको या दोहोंचा समावेश केला.

आणि तरीही चित्राची मर्यादा उरलीच. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोर खेळाडूंची ईसीजी आणि इको यांसह तपासणी केली. ४२ जणांत घातक ठरू शकणारा विकार आढळला. त्यांपैकी बहुतेकांना उपचारांनी खेळात परतता आले. हे यश लहान नाही. पण पुढे हृदयविकाराने जे आठ जण दगावले, त्यांपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष निघाली होती. काही विकार वयाबरोबर उमलतात. सोळाव्या वर्षीच्या चित्रात ते नसतातच. काही विकार विजेचे असतात, ईसीजीत दिसतात, इकोत नाहीत. डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिकसन इटलीच्या काटेकोर व्यवस्थेत खेळत होता. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला तो कोसळला. त्याला वाचवले ते सहकाऱ्यांच्या प्रसंगावधानाने, छाती दाबणाऱ्या हातांनी आणि मैदानाजवळ तयार असलेल्या डिफिब्रिलेटरने. अशा वेळी विजेचा धक्का मिळायला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीत यंत्र बसवल्यावर इटलीच्या नियमांनुसार त्याला तेथे खेळता येईना; २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये पुन्हा मैदानात उतरला, आणि त्याच वर्षी विश्वचषकही खेळला.

आता हा इतिहास सापन-बिच्छन नद्यांच्या काठी आणू. पहिली अडचण मोजपट्टीची आहे. वर दिलेले मिलिमीटर मुख्यतः युरोपीय शरीरांवरून ठरले. कृष्णवर्णीय खेळाडू मोजले गेले, तेव्हा त्यांच्यात जाड भिंतीचे प्रमाण बरेच अधिक निघाले आणि आधीची सीमा अपुरी ठरली. भारतीयांच्या हृदयाची मापे सरासरीने युरोपीयांपेक्षा लहान असतात, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून तेथली सीमारेषा येथे जशीच्या तशी वाचणे धोक्याचे. शिवाय आपल्याकडची कारणेही थोडी वेगळी आहेत. हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेला एक प्रकार दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि त्याचा स्नायूच्या विकाराशी संबंध आहे, असे हैदराबादच्या संशोधकांसह अनेकांनी २००९ मध्ये दाखवले. बालपणीच्या सांधेज्वराने खराब झालेल्या झडपा हे आपल्या गरीब वस्त्यांतले जुने दुखणे आहे. ते पुष्कळदा स्टेथोस्कोपलाही ऐकू येते.

आणि विदर्भात तर आणखी एक गोष्ट आहे, जी हृदयाच्या कोणत्याही चित्रात येत नाही : सिकलसेल. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. या आजाराचा केवळ वाहक असलेला तरुण एरवी पूर्ण निरोगी असतो. परंतु अमेरिकी सैन्यातल्या नवभरतीच्या १९८७ मधल्या अभ्यासात वाहक असलेल्या कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये कठोर सरावातल्या अनाकलनीय आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण वाहक नसलेल्यांच्या सुमारे २८ पट आढळले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. स्नायू विरघळण्याचा धोका तेवढा सुमारे दीडपट राहिला. हे सैनिक पाणी, विश्रांती आणि उष्णतेविषयीची पथ्ये पाळणाऱ्या व्यवस्थेत सराव करीत होते, हे विसरू नये. वऱ्हाडच्या उन्हात धावणाऱ्या मुलासाठी रक्ताची ही साधी तपासणी आणि पाण्याची सोय कदाचित इकोच्या आधी यायला हवी.

आपल्याकडचा स्पर्धक खेळाडू म्हणजे तरी कोण? पदकासाठी खेळणारे मोजके. बाकीचे सारे भरतीसाठी धावणारे. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाविद्यालयांच्या पटांगणांवर पहाटे जी मुले-मुली ‘ग्राउंड’ची तयारी करतात, त्यांची स्पर्धा कोणत्याही ऑलिंपिकएवढीच निकराची असते, कारण पलीकडे नोकरी असते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे प्राण गेले आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. असे मृत्यू सगळेच हृदयाच्या जन्मजात दोषाने होत नाहीत. ऊन, तहान, उपास, रात्रभराचा प्रवास, एकदम वाढवलेला सराव, कधी घेतलेली उत्तेजके अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण ती ज्याच्यावर एकत्र येतात, ते हृदय आधीच दुबळे असेल तर परिणाम ठरलेला.

यावर उपाय म्हणून टू-डी इकोची शिबिरे भरवावीत, असे सहज सुचते. त्यात एक व्यावहारिक अडचण आपल्या कायद्याची आहे. इकोचे यंत्र हे सोनोग्राफीचेच यंत्र. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली ते नोंदवावे लागते आणि नेता-आणता येणाऱ्या यंत्रांवर विशेष निर्बंध आहेत. ज्या कारणाने हा कायदा करावा लागला, ते पाहता त्यात शिथिलता मागणेही सोपे नाही. पण खरी अडचण याहून खोल आहे. हजार निरोगी मुलांचे इको काढले की, काहींची चित्रे धूसर पट्ट्यात पडणारच. इटलीचा वल्हेकरी तीन महिने विश्रांती घेऊ शकतो. भरतीची वयोमर्यादा डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला तीन महिन्यांची विश्रांती म्हणजे हातची संधी जाणे. त्याच्या कागदावर उमटलेली एक शंका त्याला जन्मभर पुरते. डीमारजवळ सल्ला झुगारण्याचे स्वातंत्र्य होते. याच्याजवळ ते नसते.

म्हणून हा मुलगा काय करतो? तो लपवतो. धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत कळ आली, ठोका चुकल्यासारखा वाटला, तरी तो बोलत नाही. सांगितले तर बाहेर काढतील, ही भीती एक. आणि दम नाही असे म्हणतील, ही दुसरी. फ्रॉइडच्या बाबतीत वैद्याने रुग्णापासून लपवले होते. येथे धावणारा वैद्यापासून लपवतो. पहिल्या भीतीला नियम आणि वैद्यकीय सहृदयता यांनी उत्तर द्यायला हवे. दुसरी भीती मात्र भाषेने निर्माण केलेली आहे, आणि तिथे आपला संबंध येतो.

जगभरच्या तपासणीत आजही पहिले स्थान प्रश्नांना आहे, यंत्रांना नाही. श्रम चालू असताना कधी शुद्ध हरपली काय? छातीत दुखले काय? बरोबरीच्यांपेक्षा फार लवकर धाप लागते काय? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांत सरळ मिळत नाही. ते गोष्टीच्या रूपात असते. काका झोपेतच गेले. आत्याला लागीर झाले आणि ती पडली ती उठलीच नाही. पट्टीचा पोहणारा मामा भरल्या विहिरीत बुडाला. पोहताना ठोके बिघडवणारा एक आनुवंशिक विद्युतविकार आहे, त्यामुळे या तिसऱ्या गोष्टीला वैद्यकीय अर्थ असू शकतो, हे कळायला गोष्ट आधी बाहेर यावी लागते. कथनाचा अर्थ लावणे, न बोललेले ऐकणे, एका शब्दाखाली दुसरा शब्द शोधणे हे काम साहित्याचे वर्ग शिकवतात, असे आपण म्हणतो. मैदानावरची चौकशी त्याहून फार वेगळी नाही.

तेव्हा अचलपूरसारख्या गावासाठी क्रम असा लावता येईल. आधी प्रत्येकाशी, आणि शक्यतो त्याच्या घरच्यांशी, निवांत बोलणे. मग डॉक्टरांनी छाती ऐकणे आणि रक्तदाब पाहणे. विदर्भात सिकलसेलची तपासणी. जमेल तेथे ईसीजी, आणि तो खेळाडूंसाठी ठरवलेल्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी वाचणारा जाणकार. एवढ्या चाळणीतून ज्यांच्याविषयी प्रश्न उरला, त्यांच्यासाठी इको, आणि त्यांतल्या थोड्यांसाठी एमआरआय. यातून निसटणारे असतीलच. त्यांच्यासाठी प्रत्येक मैदानावर छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेली चार माणसे आणि हाताशी एक डिफिब्रिलेटर हवा. वर्षाच्या सुरुवातीला जे वैद्यकीय प्रमाणपत्र पुष्कळदा न पाहताच जोडले जाते, तेवढ्या कागदावर हे भागणार नाही.

या क्रमात मराठीच्या अध्यापकाची जागा पहिल्या पायरीवर आहे. पहाटे धावणारी ही मुले दुपारी आपल्याच वर्गात बसतात. क्रीडा विभागाच्या अर्जावरची प्रश्नावली त्यांना कळेल अशा बोलीत लिहून देणे, लागीर आणि झोपेतले मरण यांविषयी न हसता विचारणे, आणि मध्येच थांबलेल्या मुलाला भित्रा न म्हणणे एवढे तरी आपल्या हाती आहे. ऊर फुटेपर्यंत धावणाऱ्याच्या कौतुकाने आपली भाषा भरलेली आहे. वेळीच थांबलेल्यासाठी तिच्याजवळ अजून धड शब्द नाही. तो घडवावा लागेल, आणि तो मैदानापर्यंत पोहोचवावाही लागेल.